दोन्ही डोळे एकदम?

दहावा दिवस. डिचोली, रात्री साडेनऊ.

वरच्या पापण्यांची लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन केलं. टाके सातव्या दिवशी निघाले, पण लिहायला आज बसते आहे. मलमामुळे आठवडाभर अक्षरं तेलातून पाहिल्यासारखी दिसत होती.

हे सगळं सुरू झालं जत्रेच्या नाटकापासून. गेल्या वर्षी रंगपटात मेकअपवाला पापणीवर रंग लावायचा आणि मी डोळा उघडला की रंग गायब. कातडीची वळी खाली उतरून सगळं गिळून टाकायची. शाळेत पोरं तर रोज विचारायची, "बाई, झोप आली?" वय ५४. भुवया उचलून उचलून संध्याकाळी कपाळ ठणकायचं.

पणजीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कापायचं नावच काढलं नाही. पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलाय की नुसती कातडी लोंबते आहे, हे आधी तपासलं. स्नायूचा दोष असेल तर ऑपरेशनच वेगळं. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवून ठेवलं. ती किती भिजते त्यावरून डोळ्यात पाणी पुरेसं आहे का ते कळतं. डोळा मुळात कोरडा असला आणि कातडी जास्त काढली, तर पापणी नीट मिटत नाही आणि त्रास जन्माला पुरतो. माझी पट्टी १४ मिलिमीटर भिजली. म्हणजे नाटकात रडायला ग्लिसरीन नको, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

धीर करून गालांचंही विचारलं. ते प्रकरण मोठं निघालं: कानाच्या पुढून मागे चीर, कातडीखालचा थर ओढून शिवायचा, बहुतेक वेळा पूर्ण भूल, गाल आणि कान कित्येक महिने बधिर. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते, तिला धक्का लागण्याचा धोका थोडा का होईना असतोच. गाल आहेत तसे बरे आहेत, म्हटलं.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि कडेच्या सुरकुत्या यानं जाणार नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. विमा मिळणार नाही, हेही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद करायला लावल्या, त्यानं रक्त जास्त वाहू शकतं म्हणून. यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ऑपरेशन यांचं असतं तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवता आली नसती.

ऑपरेशनच्या दिवशी कापायच्या खुणा मला बसवूनच केल्या, कारण आडवं झालं की कातडी सरकते. सुईची आग झाली तेवढीच. पुढे तासभर ओढल्यासारखं जाणवत होतं, दुखत नव्हतं. पण रक्त थांबवताना मांस जळल्याचा वास आला, तो कुणी आधी सांगितला नव्हता. मध्येच म्हणाले, "डोळे उघडा, माझ्याकडे बघा." उघडले. दिवा, हातमोजे, आणि दोन डोळे माझी मापं घेताहेत.

पहिली रात्र यांनी जागवली. अचानक भयंकर दुखलं, डोळा पुढे आला किंवा दिसायचं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा होता. आत रक्त साचलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण हे ऐकतात कुठे! दर दोन तासांनी एकेक डोळा झाकून मला कालनिर्णयावरची तिथी वाचायला लावली.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं आणि वाटलं, काय करून घेतलं हे! डोळे कोकमाच्या रंगाचे, डावा उजव्याहून जास्त सुजलेला. दोन उशा, रुमालात गुंडाळलेले फ्रीजरमधले मटार, केर काढायला वाकायचं नाही. रंग आता पिवळ्यावर आलाय. डावीकडची वळी किंचित वर आहे, ती सूज उतरेपर्यंत मोजायची नाही असं बजावलंय. मेकअपला अजून आठवडा आहे. व्रण पूर्ण फिका पडायला कित्येक महिने.

आणि मी खोटं बोलले. काळा चष्मा पाहून शेजारच्या मावशीने विचारलं, "मोतीबिंदू गो?" मी मान हलवली. शाळेत बाईच्या पापण्यांची गोष्ट मधल्या सुट्टीत पसरली असती, हे कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं. मावशीचे दोन्ही डोळे झालेत, महिन्याच्या अंतराने. "माझा एकेक केला. तुझे दोन्ही एकदम?" मी म्हटलं, आता नवीन पद्धत आलीय. संध्याकाळी ती पेज घेऊन आली आणि पदराच्या गाठीतून तिच्या थेंबांची बाटली काढली. अर्धी उरलेली, टाकवत नव्हती म्हणून जपलेली. "तुला हवी पडतील."

एकाचे थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात घालायचे नसतात, आणि ही बाटली तर फोडून कधीच महिना उलटलाय. घालणार नाहीच. पण फेकवतही नाही. फ्रिजच्या दारात उभी आहे. रविवारी ती परत द्यायला जायचं आहे, चष्मा न लावता.