सातवा महिना आणि भरायचे राहिलेले तास

"तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नकोस." नर्सिंग शिकताना मला दिवस गेले तेव्हा हा सल्ला घरातून मिळाला, मैत्रिणींकडून मिळाला आणि वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरनेही दिला. दुसऱ्या कुठल्या कोर्सला असते तर मीही गप्प बसले असते. पण नर्सिंगच्या विद्यार्थिनीने हा सल्ला अजिबात ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळाचे अवयव घडतात ते मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. म्हणजे तीन महिने तोंड मिटून बसायचं, आणि नेमके तेच आठवडे पोर्टेबल एक्सरेच्या शेजारी, केमोच्या बाटल्यांजवळ आणि ऑपरेशन थिएटरमधल्या भुलीच्या वायूत काढायचे! म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर आधी नवऱ्याला सांगितलं आणि लगोलग आमच्या वॉर्डातल्या ड्यूट्या ठरवणाऱ्या क्लिनिकल को-ऑर्डिनेटर मॅडमना.

मॅडम "अभिनंदन" म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, "रुबेलाचा रिपोर्ट कुठाय तुझा?" कांजिण्या आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवर, यांच्या लशी जिवंत विषाणूंच्या, त्या गरोदरपणात देत नाहीत. अंगात आधीची प्रतिकारशक्ती नसेल तर त्या रुग्णांपासून लांब राहणं एवढाच उपाय उरतो. माझे दोन्ही रिपोर्ट चांगले होते. हिपॅटायटिस बीच्या लशीचा कोर्स प्रवेशाच्या वेळीच झाला होता. फाइल बघून मॅडम जरा सैल झाल्या, पण म्हणाल्या, "हे सगळं लेखी दे."

त्या अर्जाने मला पुढे फार वाचवलं. पोस्टिंग बदललं की इन्चार्ज बदलते, आणि तोंडी सांगितलेलं आधीच्याच वॉर्डात राहतं. किरणांच्या बाबतीत तर कळवण्याला वेगळं महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस अशी, की बाईने गरोदर असल्याचं कळवल्यापासून उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे किरणांच्या मात्रेचं माप) जास्त मात्रा मिळू नये. कळवलंच नाही तर ती मोजणी सुरूच कशी होणार? अर्जात मी दोनच गोष्टी लिहिल्या: काय अजिबात करणार नाही आणि काय वेगळ्या पद्धतीने करीन. केमोचं औषध हाताळणं बंद. मिसोप्रोस्टॉल, फिनास्टेराइडसारख्या गर्भाला घातक गोळ्या कुटणं बंद. रुग्ण उचलणं मात्र बंद नाही. स्लाइड शीट, म्हणजे रुग्ण सरकवायची गुळगुळीत चादर, घालून, पलंग कंबरेइतका वर घेऊन आणि जोडीला कुणी असेल तर करीन.

सगळ्यांना हे रुचलं नाही. एका वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर कागद वाचून म्हणाल्या, "गरोदरपण म्हणजे आजार नव्हे हो. आम्ही आठव्या महिन्यापर्यंत नाइट केल्या." आजार नाही, हे कबूल. पण त्यांनी सोसलं म्हणून मीही सोसायचं, हा हिशेब मला पटत नाही. वाद घातला नाही. नागिणीचा रुग्ण मात्र मी निमूट घेतला, कारण माझा कांजिण्यांचा रिपोर्ट चांगला होता आणि विषाणू तोच. नको ते नको म्हणायचं असेल तर जे चालतं त्याला कुरकुर करायची नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मैत्रिणींशीही तसंच. कुणी माझा जड रुग्ण घेतला की मी तिचा इनटेक-आउटपुट चार्ट (रुग्णाच्या पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याची नोंद) भरायचे, डिस्चार्जच्या वेळचं समजावणं करायचे. अदलाबदल असली की कुणी कंटाळत नाही. नुसत्या उपकारावर दुसऱ्या आठवड्यात तोंडं वाकडी होतात.

मळमळीबद्दल काय लिहू? होती. पोट रिकामं राहिलं की वाढायची, म्हणून एप्रनच्या खिशात कायम काहीतरी कोरडं असायचं. ड्रेसिंगचा वास आला की मास्कच्या आत तोंडाने श्वास घ्यायचा. चौथ्या महिन्यात ती गेली आणि पाय सुजायला लागले.

खरा त्रास पुस्तकाने दिला. प्रसूतिशास्त्राचा पेपर त्याच वर्षी होता. ते पुस्तक सुरळीत बाळंतपण थोडक्यात उरकतं आणि उरलेली सगळी पानं जे जे बिघडू शकतं त्यावर खर्च करतं. रात्री बाळंतपणाआधीच वार सुटण्याचा धडा वाचायचा आणि मग पोटात जरा कळ आली की छताकडे बघत पडायचं. नवरा म्हणायचा, "तो धडा सोड ना." सोडून कसं चालेल, दहा मार्कांचा हमखास प्रश्न! शेवटी मी समासात पेन्सिलीने लिहायला लागले. प्रत्येक गुंतागुंतीसमोर: आपल्याला आधी काय दिसेल, आणि दिसलं तर काय करायचं. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, त्यासमोर लिहिलं, '२० आठवड्यांनंतर, बीपी १४०/९० किंवा वर. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक, बरगडीखाली दुखणं. त्याच दिवशी दाखवायचं.' भीती गेली नाही, पण तिला करायला काम मिळालं. आणि पेपरात तोच प्रश्न आला तेव्हा समास जसाच्या तसा आठवला.

सातव्या महिन्यात माझी किंमत अचानक वाढली. व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा जवळ आली होती, लॅबमधल्या पुतळ्याच्या रबरी पोटावर हात फिरवून सगळ्या वैतागल्या होत्या, आणि वर्गात एक खरंखुरं पोट होतं. ट्यूटर मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी इच्छा असेल तरच हं." मी हो म्हटलं, पण अटी घातल्या: आधी मी लघवीला जाऊन येणार, हात गरम करून लावायचे, आणि उजव्या कुल्ह्याखाली उशी पाहिजे. पूर्ण उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि गरगरतं. हे सगळ्यांनी पाठ केलं होतं, पण उशी ठेवायची आठवण पहिल्या दोघींना करून द्यावी लागली. मैत्रिणीने टेप लावून फंडसची, म्हणजे गर्भाशयाच्या वरच्या टोकाची, उंची मोजली: २९ सेंटिमीटर. आठवडेही तेवढेच. सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात हे वाक्य तिला तेव्हा खरं वाटलं असावं, कारण तिने टेप पुन्हा लावून पाहिला. मग बाजूंनी चाचपणं. डावीकडे सलग, घट्ट लागली ती पाठ. उजवीकडे बारीक बारीक उंचवटे, ते हातपाय. ती "उजवीकडे लिंब्स" असं मॅडमना सांगत असतानाच तिच्या तळव्याला आतून लाथ बसली. "मॅडम, कन्फर्म!" म्हणून ती ओरडली आणि वर्ग हसत सुटला.

या सगळ्यात थिअरी कधीच आडवी आली नाही. नोट्स मिळतात, लेक्चर नंतर वाचता येतं. अडतं ते तासांवर. क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष कामाचे, तास तुमच्या वतीने दुसरं कुणी भरू शकत नाही, आणि लॉगबुकवर सही त्या-त्या वॉर्डातच मिळते. म्हणून मी पाचव्या महिन्यातच मॅडमसोबत बसून नकाशा मांडला: लांब उभं राहायला लागणारी पोस्टिंग आधी, कम्युनिटीची मध्ये, थिएटर बाळंतपणानंतर. नेगेलेच्या नियमाने, म्हणजे शेवटच्या पाळीवरून, काढलेली बाळंतपणाची तारीख कॅलेंडरवर मांडली आणि तिच्या आधीचे तीन आठवडे मुद्दाम मोकळे सोडले. बाळ तारीख बघून येत नाही, ३७ आठवड्यांनंतर कधीही येतं. माझं त्या मोकळ्या आठवड्यांतच आलं. लेखी परीक्षा झाली होती, थिएटरचे तास राहिले होते.

ते मी पुढच्या बॅचबरोबर भरले. परत येताना सगळ्यात मोठा प्रश्न होता दुधाचा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. पण काढायला जागा आणि वेळ हवी, तेही सहा तास चालणाऱ्या शस्त्रक्रियांच्या दिवशी. पुन्हा अर्ज. या वेळी मला लिनन रूमची किल्ली मिळाली आणि मधल्या सुट्टीशिवाय आणखी एक वीस मिनिटांची सुट्टी. थिएटरच्या सिस्टर स्क्रबला, म्हणजे शस्त्रक्रियेत हाताशी, दुसरीला उभं करून मला म्हणायच्या, "जा, तुझी वेळ झाली." काही दिवस मीच विसरायचे, त्या नाही.

माझा निकाल माझ्या बॅचच्या नंतर लागला आणि नर्स म्हणून रजिस्ट्रेशनचा अर्जही मागाहून गेला. बरोबरीच्या मुली तोवर नोकरीला लागल्या होत्या. पहिल्या पगाराचे फोटो बघून चार दिवस जीव जळला, हे लपवत नाही. आता सेकंड इयरची एक मुलगी आहे, तिसरा महिना चालू. परवा तिने माझ्या अर्जाची प्रत मागितली. दिली, फक्त दुधाच्या सुट्टीचा मुद्दा आधीच वरती घ्यायला सांगितला.