आमची वाटचाल: सेंटच्या बाटलीपासून कूलिंग कॉइलपर्यंत

२००९ साली चिपळुणात पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या एसीचं काम सुरू केलं. काम म्हणजे काय, तर गॅस भरायचा. गाडीत वास येतो म्हणून कोणी आलंच, तर काउंटरवरची सेंटची बाटली पुढे करायची. बाटलीमागे चाळीस रुपये सुटायचे आणि गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांपुरतं.

एक गुरुजी यायचे. एसी लावला की पहिली दोन मिनिटं गाडीत ओल्या फडक्याचा वास. मी त्यांना ओळीने तीन बाटल्या खपवल्या. चौथ्या वेळी ते म्हणाले, "अहो, आता फडकंही येतं आणि मोगराही. निदान मोगरा तेवढा काढून द्या." शेडमधली पोरं खो खो हसली. मला घाम फुटला.

गाडी ठेवून घेतली. ग्लोव्ह बॉक्स उतरवून आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढला, तर तो काळाठिक्कर, वर आंब्याच्या मोहराचा चुरा. पण खरं दुखणं पुढेच होतं. एसी चालू असताना हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर धरलेलं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. आमच्याकडच्या दमट हवेत तर गाडीखाली थारोळं दिसायला हवं. इथे जमीन कोरडी ठणठणीत. नळी चिखलाने बुजलेली, पाणी कॉइलच्या पेटीत तुंबलेलं, आणि डावीकडची मॅट उचलली तर खालचा फोम पिळून काढावा इतका ओला. तारेने नळी मोकळी केली तेव्हा तांब्याभर गढूळ पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तो वास मी अजून विसरलेलो नाही. सेंटच्या उरलेल्या बाटल्या संपल्या, पुन्हा मागवल्या नाहीत.

माझं नाक तंबाखूने कामातून गेलेलं. म्हणून रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीचं दार सकाळी आमची ही उघडते. हिशेबही तीच बघते. पाच मिनिटांत नाक सरावतं, त्यामुळे तिचा पहिला श्वास सांगेल तेच खरं. मग मी विचारत बसतो: वास एसी लावल्यावर येतो, चढाला येतो, की उभ्या गाडीत? कुंभार्ली घाट चढून आल्यावर जळका वास आला तर आधी क्लच बघायचा, उतरल्यावर आला तर ब्रेक. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं असेल, तर हीटरची कॉइल कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गाळतेय. कुजक्या अंड्याचा वास असेल तर बॅटरीला मीटर लावतो. इंजिन चालू असताना पंधरा व्होल्टच्या वर काटा गेला की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उतरवायचा. पेट्रोलचा वास आला तर गाडी आणूच नका. बंद करा, लांब उभे राहा, फोन करा. आम्ही येतो.

गणपतीनंतर मुंबईकरांच्या गाड्या येतात. डिकी तीनदा धुतली तरी सुकटीचा वास जात नाही म्हणतात. धुतलेलं सगळं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात उतरलेलं असतं, तिथे कोणी हात घालत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. शेडमध्ये छातीभर पाणी होतं; कंप्रेसर आणि गॅसचं मशीन दोन्ही गेलं. गाळ उपसून होतो न होतो तोच रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाड्या आम्ही घेतल्या नाहीत. आधी इन्शुरन्सवाल्यांना दाखवा, असं सरळ सांगितलं. बाकीच्यांच्या सीट, कार्पेट, खालचा नमदा (जाड लोकरी थर), सगळं बाहेर. सीटखाली एअरबॅगचे पिवळे प्लग असतात, ते काढताना एअरबॅग उडू नये म्हणून आधी बॅटरी सोडवायची आणि जरा थांबायचं, हे पोरांना तेव्हाच घोकून घ्यायला लावलं.

चूकही केली. लोकांची घाई, आभाळ भरलेलं, म्हणून काही गाड्यांचं कार्पेट चौथ्या दिवशीच बसवलं. वरून हाताला कोरडं लागत होतं. ऑक्टोबरच्या उन्हात त्यातल्या पाच परत आल्या, आत कुबट वास. पाचही फुकट उघडल्या. आता नमदा पुरता वाळल्याशिवाय कार्पेट बसत नाही, मग गिऱ्हाईक कितीही बडबडो.

सध्या शेडमध्ये एक पांढरी गाडी उभी आहे. एसी ठीक, नळी मोकळी, मॅट कोरडी. ही म्हणते दूध सांडलंय. मालक शपथेवर नाही म्हणतात, मागे बसणारा त्यांचा नातू मात्र काही बोलत नाही. उद्या मागची सीट काढतोय.