ती पोरगी रेडिओसारखी का बोलते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझी कादंबरी आल्यापासून हा प्रश्न मला मालवणच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, सगळीकडे गाठतो. घरात सगळी मालवणी बोलतात, मग गोष्ट सांगणारी पोरगीच तेवढी पुस्तकी मराठीत का बोलते? आणि पाठोपाठ, आवाज जरा उतरवून: तिला काहीच कसं वाटत नाही?

त्या पोरीसारखी मी स्वतःही ऑटिस्टिक आहे हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. तरी विचारतात.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. मी अशीच बोलायचे. आमच्या स्वयंपाकघरात आकाशवाणी रत्नागिरी लागलेलं असायचं. रेडिओवरची बाई ठरल्या वेळी, ठरल्या चालीत बोलायची. घरातली माणसं तेच वाक्य दर वेळी निराळ्या सुरात म्हणायची. त्यातली थट्टा कुठली आणि राग कुठला, मला उलगडत नसे. मग मी त्या बाईची भाषा घेतली. शाळेत पोरं मला ‘बातम्या’ म्हणून हाक मारत. घरची बोली सोडून टीव्ही-रेडिओची भाषा उचलणारी ऑटिस्टिक मुलं इतरत्रही आहेत, माझं काही जगावेगळं नव्हतं.

दुसऱ्या भागासाठी फयान चक्रीवादळाचं सांगावं लागेल.

नोव्हेंबर २००९. काका ट्रॉलरवर गेला होता. वारा सुटला, वीज गेली, कोणाचाच फोन लागेना. पडवीत वाडीतल्या बायका जमल्या होत्या आणि काकी भिंतीला टेकून बसली होती. मी खांब धरून उभी राहिले आणि बोलू लागले, “मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये.” त्या बाईच्या आवाजात, तिच्याच चालीत. पुन्हा. पुन्हा. काकी म्हणाली, “गप रव गो.” मला थांबता येईना. वाक्य चालू असेपर्यंत काका कुठेतरी होता. ते संपलं की छातीत काहीतरी सुटायचं, ते धरायला परत वाक्य लागायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, “हिका काय्येक वाटणा नाय.” आईने मला ओढत मागीलदारी नेलं आणि तोंडावर हात दाबला. तिने नुकताच कंदील भरला होता, हाताला रॉकेलचा वास होता. त्या हाताखाली मी बोलतच राहिले.

काकाच्या बोटीने देवगड बंदरात आसरा घेतला होता. तो सुखरूप आला, जेवला, झोपला. म्हातारीचं वाक्य मात्र वाडीने सांभाळून ठेवलं. माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हाही कोणीतरी ते काढलं.

पुढे लिओ कॅनर या डॉक्टरांचा १९४६चा एक लेख हाती आला. १९४३मध्ये ऑटिस्टिक मुलांवर मूळ लेख लिहिणारे तेच हे कॅनर. त्या लेखातला एक मुलगा मध्येच म्हणायचा, ‘कुत्र्याला गच्चीवरून फेकू नकोस.’ कुत्रा कुठेच नसायचा. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा खाली फेकत होता, तेव्हा आई त्याला असं म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की स्वतःला आवरायला तो हे वाक्य म्हणायचा. असंबद्ध वाटणारी ही वाक्यं रूपकं आहेत, असं कॅनर सांगत होते. मला आधी संतापच आला. फयानच्या त्रेसष्ट वर्षं आधी हे कोणाला तरी कळलं होतं, आणि आमच्या पडवीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

म्हणून कादंबरीतल्या वादळाच्या प्रकरणात ‘मला भीती वाटली’ असं वाक्य नाही. संपादकांनी समासात ‘इथे भावना हवी’ असं लिहिलं होतं. ती तिथेच होती. हवामानाचा इशारा पानभर परत परत येतो, दर खेपेला त्यातला एक शब्द गळतो आणि शेवटी नुसतं ‘जाऊ नये’ उरतं. याहून मोठ्याने ती कशी ओरडणार? डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक, यांनी २०१२मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं हे न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. वाचकाने अर्धी वाट चालावी, एवढंच मी मागते आहे.

पहिला खर्डा मी मालवणीतच लिहिला होता. त्यात पोरगी सगळं उलगडून सांगायची, भीती, वाईट वाटणं, सगळं. तेव्हाची मी म्हणायचे, वाडीला ती आपली वाटली पाहिजे. आज मला तो खर्डा त्या म्हातारीला दिलेल्या जबानीसारखा वाटतो. पण तेव्हाची मी एका बाबतीत अजून ऐकत नाही. ती विचारते, पोरीच्या भाषेतून ‘जणू’, ‘सारखं’ सगळं काढून टाकलंस, मग ऑटिस्टिक माणसाला उपमा जमत नाहीत हा लोकांचा समज तूच पक्का केलास ना? एका ऑटिस्टिक मुलानेही पत्रात तेच लिहिलं: ‘माझ्या डोक्यात चित्रंच चित्रं असतात, हिच्या डोक्यात का नाहीत?’ ही एकच पोरगी आहे, सगळ्यांच्या वतीने बोलत नाही, असं मी त्याला कळवलं. ते खरं आहे. पण मराठीत अशी पोरगी क्वचितच गोष्ट सांगते, म्हणून हिलाच सगळ्यांच्या जागी धरलं जातं, हेही खरं आहे.

दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीला खुलासा जोडा, असं प्रकाशक म्हणतात. तो मी जोडणार नाही. वादळाचं प्रकरण मोठ्याने वाचा, इशारा जितक्यांदा येतो तितक्यांदा म्हणा, आणि मग तिला काही वाटतं की नाही ते मला सांगा. ‘जणू’ परत घ्यायचा की नाही, यावर मात्र माझं आणि तेव्हाच्या माझं भांडण चालूच आहे, आणि कधी कधी तिचं पारडं जड होतं.