शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका सेवाभावी संस्थेचं गोडाऊन आहे. तिथे मी डिस्पॅच बघते. मुलाखत, कागदपत्रं, सुरुवातीचे दिवस, सगळं सुरळीत पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका पोचपावतीबद्दल. वर्ष झालं, तरी अजून आठवलं की डोकं तापतं.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की आमचे फोन सुरू होतात. ती इशारा पातळी, 43 ही धोक्याची. 43 ची वाट बघत बसलं तर गाडी न्यायला रस्ताच उरत नाही. 2019 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणून माल आधी काढायचा. त्या दिवशी आयशर ट्रकमध्ये मदतीच्या सामानाची 300 किट भरली आणि अकराला नदीकाठच्या एका सरकारी भांडारात पोचलो. हमालांनी पाऊण तासात गाडी रिकामी केली. मी चलनाच्या, म्हणजे मालासोबतच्या कागदाच्या, तीन प्रती पुढे केल्या.

कारकून म्हणाले, "बाई, यात किट लिहिलंय. आमच्या रजिस्टरला किटचा रकानाच नाही. तांदूळ किती, डाळ किती, साबण किती, तसं लिहून द्या."

एका किटात नऊ वस्तू. बाकावर बसून गुणाकार केले, यादी लिहिली, दिली.

"मोजलं का?"

"उतरवताना मोजलं."

"आमच्यासमोर मोजा."

मोजलं, 298 भरली. परत मोजलं, 301. तिसऱ्यांदा थप्प्या मोडून मोजलं तेव्हा कुठे 300 झाली. तोवर साहेब मीटिंगला गेले होते. शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे. नुसती सही द्या म्हटलं तर म्हणाले, "सही करतो हो, पण शिक्क्याशिवाय तिला कोण विचारतंय?" तेही खरंच. आमचेच अकाउंटवाले शिक्का नसलेल्या पोचेवर ट्रान्सपोर्टचं बिल पास करत नाहीत.

बाहेर ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी डोकवायचा. "ताई, पाणी वाढाय लागलंय. पूल बंद झाला तर मी हितंच. आणि गाडी थांबल्याचं हॉल्टिंग भाडं पडतंय ते वेगळंच."

शेवटी मी चिडून म्हटलं, "जाऊ दे, माल परत भरते."

"भरा की. हमालांची वाराई कोण देणार?" कारकून म्हणाले.

मी गप्प बसले. साहेब सव्वाचारला आले. शिक्का मारायला त्यांना चार सेकंद लागले.

या कामात येणाऱ्यांनी एवढं करा. चलनाला वस्तुनिहाय यादी जोडा, एकूण आकड्यांसकट. पिशव्यांवर मार्करने नंबर घाला आणि वीस-वीसची थप्पी लावा, म्हणजे मोजणीत भांडण होत नाही. गाडी सोडायच्या आधी फोन करून माल कोण घेणार एवढंच नव्हे, शिक्का कुणाकडे आहे तेही विचारा. हो, आणि फुकट वाटायचा माल म्हणजे कागद लागत नाहीत, हा समज काढून टाका. राज्यातल्या राज्यात करपात्र माल एक लाखाच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, विक्री असो वा नसो. दोन-तीन गावांना एकच गाडी असेल तर शेवटच्या गावचा माल सगळ्यात आधी भरा. हे मी पहिल्याच आठवड्यात उलटं केलं होतं आणि भर पावसात अर्धी गाडी रस्त्यावर उतरवली होती. बिस्किटं, दूध पावडर तारीख बघून काढा, आधी संपणारं आधी.

परवा त्याच भांडारात गाडी नेली. नऊ वस्तूंची यादी टाइप करून जोडली होती, बेरीज दोनदा तपासली होती. कारकुनांनी चष्मा वर केला. "या वेळी किट नाही का लिहिलं? आम्ही रजिस्टरला रकाना वाढवलाय की."