गोळा आहे का अंडं?

सीटी स्कॅनवरून हाडाचं संगणकावर मॉडेल करून ते भार कसा सोसतं हे काढताना माझा जीव हाडापेक्षा मेशवर (हाडाचे बारीक तुकडे पाडणाऱ्या जाळीवर) जास्त असतो, हे कबूल करतो. एका केसमधली मेश तर देखणीच झाली होती. खुब्याचा गोळा आणि वाटी यांच्यातली फट सीटीत इतकी बारीक, की थ्रेशोल्ड (किती उजळ दिसलं की हाड धरायचं ती मर्यादा) लावला की दोन्ही हाडं चिकटायची. स्लाइसमागून स्लाइस हाताने सोडवली. मानेवरचं कवच जेमतेम दोन-तीन पिक्सेल, तिथे स्मूदिंग जरा जास्त झालं की हाडच झिजतं. एलिमेंट, म्हणजे मेशचे तुकडे, दहा नोडचे (बिंदूंचे) चौफलक टेट्राहेड्रॉन (चार नोडचे वाकवताना उगाच ताठ वागतात), कड आधी 4 मिमी, मग 3, मग 2. शेवटच्या दोन रनमध्ये मानेवरच्या स्ट्रेनचा (भाराखाली हाड किती ताणलं-दबलं त्याचा) फरक 3 टक्क्यांच्या आत. कन्व्हर्ज झालं, म्हणजे मेश बारीक केली तरी उत्तर हलत नाही, म्हणून मी निवांत चहाला गेलो.

संध्याकाळी ऑर्थोपेडिक सर्जन मॅडम आल्या. मी कंटूर, म्हणजे स्ट्रेनचे रंगीत पट्टे, दाखवायला लागलो.

"अरे, ते रंग काढ आधी."

काढले. त्यांनी स्क्रीनवर बोटांची चिमूट आडवी धरली, मग तीच उभी.

"हा गोळा आहे का अंडं?"

मोजलं. आडवा 46 मिमी, उभा 57. जवळजवळ सव्वापट! आणि सव्वा हा आकडा मी सकाळीच पाहिला होता: स्कॅन फाइलच्या हेडरमध्ये (माहितीच्या भागात) स्लाइस थिकनेस, म्हणजे स्लाइसची जाडी, 1.25 मिमी. माझ्या स्क्रिप्टने तेच दोन स्लाइसमधलं अंतर धरलं होतं. स्लाइसची खरी जागा हेडरमधल्या वेगळ्या टॅगमध्ये (नोंदीत) असते. तिथला तिसरा आकडा, म्हणजे उभी जागा, एका स्लाइसवर -212.5, पुढचीवर -211.5. म्हणजे अंतर 1 मिमी, स्लाइस एकमेकींवर पाव मिमी चढलेल्या. अख्खं मांडीचं हाड असतं तर 44 सेंमीचं 55 झालं असतं आणि शिकाऊ पोरगाही हसला असता. पण स्कॅन फक्त वरच्या टोकाचा.

दोन दिवस कन्व्हर्जन्स तपासत बसलो होतो. ते बिचारं काय सांगणार? जे हाड दिलं त्याचंच उत्तर ते नेमकं देत होतं.

रात्री पुन्हा मेश करून चालवलं. स्ट्रेन वाढला. ताणलेल्या हाडाची मान जाड झाली होती, त्यामुळे चूक 'हाड दणकट आहे' या बाजूला झुकलेली. तेवढं वाचून मात्र पोटात गोळा आला.

मॅडमना नवा आकडा कळवला.

"आणि गोळा?"

"उभा साडेपंचेचाळीस, मॅडम."

"हं. मग आता ते रंग पाठव."