चिकाचे ते चार थेंब

लेक जन्मली तेव्हा पहाटेचे सव्वाचार वाजले होते. अर्ध्या तासात सिस्टरांनी तिला माझ्या छातीशी लावलं. आले ते पिवळसर, घट्ट चार थेंब. मला रडूच फुटलं. एवढ्याने तिचं पोट कसं भरणार? आजी मधाची बाटली घेऊन बसलेली. "बोटभर चाटव गं, तुम्हा सगळ्यांना चाटवलाय." सिस्टर तिच्याशेजारी बसून शांतपणे म्हणाल्या, "आजी, वर्षाच्या आत मध नको, त्यातून बाळाला बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. हा चीकच तिची पहिली लस." पहिल्या दिवशी बाळाला घोट-घोटच लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. आजीने बाटली पिशवीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. मग दिवसरात्र मिळून 10-12 वेळा पाजणं आणि ओले लंगोट मोजणं. पाचव्या दिवसापासून रोज 6 तरी हवेत. निपलला चिरा पडल्या तेव्हा कळलं, बाळ नुसतं टोक धरत होतं. भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. ते जमलं आणि दुखणं ओसरलं.

आता आजी रोज सकाळी मला अळिवाची खीर देते, आणि लेक पीत असताना तिच्या गिळण्याचा आवाज ऐकत शेजारी बसते.