तासाला १४५ रुपये : दहा महिन्यांची नोंद

गेल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापासून मी पैसे घेऊन छायाचित्रे काढू लागले, त्याला या भाद्रपदात दहा महिने होत आले. त्याआधीची नऊ वर्षे कॅमेरा हा निव्वळ छंद होता. रविवारी पहाटे रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, पावसाळ्यात सडा म्हणजे आमच्याकडचे कातळाचे पठार, गणपतीत वाडीतल्या आरत्या आणि दर सप्टेंबरात आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेचे फोटो, जे अर्थातच फुकट, एवढाच त्याचा पसारा. नोकरी सोडून पूर्णवेळ याच व्यवसायात पडावे का, हा प्रश्न मी मागील नोंदीत मांडला होता आणि एक हंगाम कामे करून मगच ठरवायचे असे तिथे लिहून ठेवले होते. त्या हंगामाचा हा हिशेब. मी पतसंस्थेत लेखापालाचे काम करते, त्यामुळे तो जरा आकड्यांच्या अंगाने गेला तर सोबतच्या छंदिष्टांनी सांभाळून घ्यावे.

एकूण अकरा कामे झाली : पाच लग्ने, दोन मुंजी आणि चार होमस्टे. मुख्य कॅमेरा निकॉन डी७२००, म्हणजे २०१५ चे मॉडेल. त्याला दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक रॉ फाइल, म्हणजे फोटोची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, दोन्हींवर लिहिता येते, या एका सोयीमुळेच मी त्याच्यावर लग्ने घेण्याचे धाडस केले. जोडीला दृश्य जवळ-लांब करता येणारी १८-१४० ची लेन्स, एकाच ठरलेल्या पल्ल्याची ५० मिमी एफ/१.८ आणि माझा पहिला कॅमेरा, जुना डी३२००. नवे काही घेतले नाही. आधी कमाई दिसू दे, मग सामान, असा सासूबाईंचा दंडक होता आणि तो मला पटलाही होता.

वैशाख

हंगामातले चौथे लग्न संगमेश्वराकडच्या एका गावात, घरासमोरच्या मांडवात होते. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. हळद आदल्या दिवशी नीट पार पडली होती. हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात आणि नवरी सजत असताना माजघरात मला कोणी परके मानत नाही, ही माझी या व्यवसायातली एकमेव जन्मजात सोय आहे. लग्नाच्या दिवशी मात्र वाटेत एका पुलाच्या कामापाशी पाऊण तास गेला आणि आम्ही मांडवात पोहोचलो तेव्हा १२ वाजून २६ मिनिटे झाली होती.

तास-दीड तास मी गाडीत पुढच्या सीटवर, एसीच्या झोताखाली, मुख्य कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. वैशाखातल्या दमट हवेत तो बाहेर काढताच लेन्सच्या पुढच्या काचेवर, डोळा लावायच्या काचेवर आणि आत जिथे बोट पोहोचत नाही तिथेही दव धरले. रुमालाने पुसावे तर दोन श्वासांत काच पुन्हा पांढरी. थंड वस्तू बाहेरच्या हवेइतकी तापेपर्यंत हे थांबत नाही, त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून पूर्वीपासून माहीत होते. भटजींनी आंतरपाट धरायला सांगितला, मंगलाष्टके सुरू झाली, तरी माझ्यासमोर धुके. शेवटी सोबतचा मुलगा धावत जाऊन डिकीतला डी३२०० घेऊन आला. डिकीत एसी पोहोचत नसल्यामुळे तो बाहेरच्या हवेइतकाच गरम होता, पण त्याला ५० मिमीची लेन्स लावलेली होती, जिची चौकट अरुंद आणि रुंद करता न येणारी. 'तदेव लग्नं' झाले, आंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि मी हे सारे चार हातांवरून, मागे सरकायला जागा नसताना, त्या एका लेन्सने टिपले. चेहरे आले, अक्षता आल्या. नवरीच्या पाठीशी उभे असलेले मामा आले नाहीत.

पंधरा दिवसांनी फोटो पाहताना नवरीच्या आईने काही म्हटले नाही, पण मामांनी स्वतःच विचारले, "यात मी खंय?" मुंबईहून खास त्या एका क्षणासाठी रजा काढून आलेल्या माणसाला एसी आणि बाष्पाचा संबंध समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी ठरलेल्या रकमेतून २,००० रुपये कमी घेतले, आणि तेही त्यांना आवडले नाही.

आमच्या बाजारपेठेत एक स्टुडिओवाले काका आहेत, रोल धुण्याच्या काळापासून लग्ने करणारे. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाय, नवरा-नवरी थांबतील एक वेळ, भटजी थांबायचा नाय." त्यानंतर त्यांनी शिकवलेली रीत अशी : एसी गाडीतून जायचे असेल तर कॅमेऱ्याची बॅग डिकीत ठेवावी; तसे शक्य नसेल तर कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाहेर काढावा, म्हणजे दव पिशवीवर धरते आणि आतली काच कोरडी राहते; आणि दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच पल्ल्याची लेन्स उपलब्ध असावी. यातली तिसरी गोष्ट खर्चाची आहे. बंदरावर पहाटे अशी चूक झाली असती तर मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले असते, आणि खरे सांगायचे तर असे कित्येक रविवार मी गेलेही आहे.

आषाढ

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, बंदर शांत, लग्नांचे मुहूर्तही चातुर्मासामुळे थांबलेले. त्यामुळे हा काळ हिशेबाला दिला. एका लग्नाचे सर्वसाधारण चित्र असे दिसले. माझा दर २२,००० रुपये, त्यात १२ बाय ३६ इंचांचा करिझ्मा, म्हणजे पानांवरच फोटो छापलेला, अल्बम अंतर्भूत. अल्बमची छपाई ६,५००, मदतनीस ४,०००, गाडी १,८००, म्हणजे रोख खर्च १२,३०० आणि शिल्लक ९,७००. आता कॅमेऱ्याची झीज. या मॉडेलचे शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेले असते, मी बॉडीची किंमत ६०,००० धरते, म्हणजे दर क्लिकला ४० पैसे. एका लग्नात माझे सुमारे २,९०० क्लिक होतात, त्याचे १,१६० रुपये. राहिले ८,५४०.

आता तास. हळद ६, लग्न ११, प्रवास ३, आधीच्या भेटीगाठी ४, फोटो निवडणे आणि रंग सुधारणे २६, अल्बमची मांडणी आणि त्यातल्या दुरुस्त्या ९. एकूण ५९ तास. भागाकार केला की तासाला १४५ रुपये येतात, पाच-पंचवीस पैसे इकडेतिकडे.

हा आकडा पाहून मी निराश होईन असे मला वाटले होते, पण पुढची ओळ लिहिल्यावर चित्र पालटले. माझा पगार महिना २७,००० आहे. वर्षाचे ३,२४,००० मिळवायला याच दराने अडतीस लग्ने करावी लागतील, आणि अडतीस लग्नांचे तास होतात २,२४२, म्हणजे जवळपास नोकरीत घालवते तेवढेच. तासांच्या हिशेबाने म्हणजे हा व्यवसाय अशक्य नाही. अडचण पंचांगाची आहे. ज्या दिवशी चांगला मुहूर्त आणि त्यात रविवार, त्या दिवशी सगळ्यांनाच लग्न हवे असते, आणि एका वेळी मी एकाच मांडवात उभी राहू शकते. किराणा दुकानदाराला दिवाळीत दुप्पट माल भरता येतो, मला दुप्पट रविवार भरता येत नाहीत. मोठे स्टुडिओ दुसरी-तिसरी टीम पाठवून यातून मार्ग काढतात. पण मग आपण फोटो काढणारे राहत नाही, माणसे पाठवणारे होतो, आणि ते काम मला पतसंस्थेतही जमलेले नाही.

दरम्यान पावसाने आपला वाटा उचलला. १८-१४० च्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी दिसली. मे महिन्याच्या धावपळीत लेन्स कापडी बॅगेतच राहिली होती, जे छंदाच्या नऊ वर्षांत एकदाही घडले नव्हते. साफसफाईला १,८०० रुपये गेले. आता सारे सामान रबरी कडेच्या हवाबंद डब्यात आहे, आत आर्द्रतामापक आहे आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे खडे ओलीने गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा निळे करते. स्वयंपाकघरात हे चालू असताना कन्या विचारते, आज भाजीला काय.

श्रावण

होमस्टेच्या कामांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मला तिथेच काहीतरी सापडले. जांभ्याची जुनी घरे आतून काळोखी असतात आणि खिडकीबाहेर माडांवर लख्ख ऊन असते. एका क्लिकमध्ये दोन्ही येत नाही. तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, कॅमेरा ठेवून एकाच चौकटीची तीन वेगवेगळ्या उजेडाची चित्रे घ्यावी आणि नंतर ती जुळवावी, ही पद्धत मी वापरली, पण सकाळी आठच्या सुमारास पडवीतून परतणारा उजेड सारवलेल्या जमिनीवर येतो तेव्हा जुळवाजुळवीची गरजच पडत नाही, हे तिसऱ्या घरात कळले. एका कामाचे ९,००० मिळतात, खर्च १,१००, तास १६. म्हणजे तासाला ४९४. शिवाय घर पळून जात नाही. पंचाईत एवढीच की अशी घरे मला दहा महिन्यांत चारच मिळाली आणि चारही ओळखीतून.

त्यातल्या एका कामात धडा मिळाला. मालकांनी माझे फोटो दुसऱ्या एका पर्यटन व्यावसायिकाला माहितीपत्रकासाठी देऊन टाकले, ना विचारले, ना नाव छापले. मी रागाने कॉपीराइट कायदा, १९५७ वाचायला घेतला आणि राग गिळावा लागला. कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्याचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. नऊ वर्षे स्वतःसाठी काढलेल्या प्रत्येक फोटोची मी मालकीण होते. पैसे घेतले त्या दिवसापासून, कागद केला नाही म्हणून, मालकी गेली. आता एका पानाचा करारनामा केला आहे आणि पहिला हप्ता घेतानाच त्यावर सही घेते. ड्रोनही मागतात हल्ली. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते, म्हणून तो विषय मी तूर्त बंद ठेवला आहे. जीएसटीचीही चौकशी केली. सेवांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये आहे आणि माझी उलाढाल १,६६,००० झाली, तेव्हा त्या चिंतेला अजून पुष्कळ अवकाश आहे.

श्रावणातल्या एका रविवारी तीन महिन्यांनी प्रथमच सड्यावर गेले. कातळावर सीतेच्या आसवांची जांभळी चादर होती, मधे गेंदाचे पांढरे ठिपके. पोटावर आडवी होऊन कॅमेरा जमिनीला टेकवला आणि लक्षात आले की मी चौकट उजव्या अंगाला रिकामी सोडते आहे. अल्बमच्या दोन पानांत नावे छापायला जागा लागते, तशी. पुसून पुन्हा सुरुवात केली. साडेदहापर्यंत पाच फोटो बरे आले आणि कोपर सोलपटले.

रत्नागिरीजवळच्या उक्षी गावच्या कातळशिल्पातला हत्ती मात्र या वर्षी राहिला. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून तिथे जाणारे वाढले आहेत, पण भर दुपारी जाणाऱ्याला कातळ सपाटच दिसतो. खोदलेली रेघ उठून दिसायला तिरपे ऊन लागते, म्हणजे हिवाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मी कुणाच्या तरी पंगतीत उभी होते.

भाद्रपद

एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ आधी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखनाचे आणि अंदाजपत्रकांचे काम करत होते. नोकरीत राहूनच त्यांनी कॅमेरा हाती घेतला, नाव कमावले आणि नंतर नोकरी सोडली. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. मला यातला नोकरीत राहूनचा भाग उपयोगाचा वाटतो. निजाम आमच्या तालुक्यात नाही.

म्हणून मी राजीनामा देत नाही आणि व्यवसाय सोडतही नाही. पुढच्या वर्षी एप्रिल आणि मे असे दोन महिने बिनपगारी रजा घेऊन हेच काम पूर्णवेळ करून पाहणार आहे. आठपेक्षा जास्त लग्ने घेणार नाही, दर ३५,००० सांगणार आहे, म्हणजे त्याच खर्चात आणि त्याच तासांत तासाला ३६५ रुपये पडतील. या दराला किती जण नाही म्हणतात, हीच मला हवी असलेली माहिती आहे. हिवाळ्यातले रविवार होमस्टेसाठी आणि उक्षीसाठी मोकळे ठेवले आहेत. काकांना दर सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे काय झाले, एवढेच विचारले.

रजेचा अर्ज मंगळवारी दिला. सचिवांनी तो दोनदा वाचला, रजा मंजूर होण्यात अडचण दिसत नाही असे म्हणाले आणि अर्ज फाइलला लावता लावता आठवण करून दिली की वार्षिक सभा २८ तारखेला आहे, कॅमेरा आणायला विसरू नका.

मी म्हटले, "आणते. अर्ध्या दिवसाचे ४,००० होतील, साहेब."